टिचकी मारून घेतलेला स्पीकर

मिरजेतल्या त्या खोलीत मला पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा तिथे सात सुके भोपळे होते, तीन छताला टांगलेले आणि चार जमिनीवर. तंबोऱ्याच्या पाच दांड्या भिंतीला टेकून होत्या. नऊ कानशी, दोन करवती, सरसाचं एक भांडं, एक सतरंजी, एक तक्क्या आणि एक खिडकी. खोलीची लांबी तीन मीटर तीस सेंटीमीटर, रुंदी दोन मीटर सत्तर. त्यात आम्ही दोघे आलो, प्रत्येकी एक मीटर दहा सेंटीमीटर उंच. त्यानंतर माणसाला नीट बसायला एकच जागा उरली, समोरच्या भिंतीला टेकलेल्या तक्क्याजवळ.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. टेबलावर मावणारा नव्हे, जमिनीवर उभा राहणारा. आम्ही जोडीने असतो. मी डावा. माझ्या हातून एक नुकसान झालं आहे, आणि ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथे घाई फार होती. चांगल्या पेटीच्या पोटात आडव्या फळ्या ठोकतात, म्हणजे बाजू थरथरत नाहीत. माझ्या पोटात एकही फळी नाही. बाजूंचं प्लायवूड पातळ आहे. वरून मात्र शिसवीसारखं पॉलिश दिलं होतं. सांगलीच्या दुकानात चार वर्षं मी काचेमागे उभा होतो. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय देखणा आहे!" मलाही ते खरं वाटायचं.

एके दिवशी नानासो आले. साठी उलटलेली, धोतर, डोक्याला टोपी, बोटांना सरसाचा वास. मूळचे कवठे महांकाळकडचे, घरी मेंढरं. लहानपणी आवाजावरून ते सांगायचे म्हणे की कळपातली कोणती घंटी कोणत्या मेंढीची. पुढे मिरजेला दादासो वस्तादांच्या हाताखाली तंबोरे करायला शिकले आणि चाळीस वर्षं तेच केलं.

दुकान वीरधवल नावाच्या तरुणाचं होतं. त्याने तीन जोड्या दाखवल्या आणि विचारलं, "मामा, खोली केवढी हाय तुमची?"

"ते तुला कशाला? मी काय खोली इकत घ्यायला आलोय व्हय?"

"तसं न्हवं. खोली ल्हान असंल तर ल्हान जोड बरा पडतो. ह्यो मोठा तिथं नुसता घुमंल."

"घुमू दे की. घुमल्याबिगर कळतंय काय?"

मग नानासोंनी जे केलं, ते मी चार वर्षांत कुणाला करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मधल्या बोटाने प्रत्येक पेटीवर टिचकी मारली आणि कान लावला. भोपळा ते असाच निवडायचे. जो भोपळा टिचकीला खोल उत्तर देतो आणि ज्याचं उत्तर रेंगाळतं, तो तंबोऱ्याला घ्यायचा. शेजारच्या जोडीने नुसतं 'ठप्प' केलं. नानासो म्हणाले, "हे मुकं हाय. जीव न्हाई ह्यात." मग माझ्यावर टिचकी पडली. मी म्हणालो, 'घुम्म...'

नानासोंचा चेहरा उजळला. "बघ! ह्यो बोलतोय."

"आवं मामा, पेटीनं बोलायचंच नसतं. पेटीनं—"

"चाळीस वर्षं भोपळं वाजवलेल्या माणसाला शिकवतूस व्हय रं? बांध ह्यो जोड."

वीरधवलने वाक्य अर्धंच सोडलं आणि दोरी आणायला गेला. त्या क्षणी मला अभिमान वाटला होता, हे मी लपवत नाही.

नानासोंना स्पीकर कशाला हवे होते, ते मला घरी गेल्यावर कळलं. फलटणच्या संयोगिताताई गाणं शिकवतात. त्यांच्या आईचा तंबोरा दादासो वस्तादांनी केला होता. आईने त्यावर बावीस वर्षं रियाज केला. आई गेल्या आणि पुढच्याच वर्षी घर बदलताना तो तंबोरा जिन्यावरून पडला. भोपळा फुटला, दांडी चिरली. वाचली फक्त घोडी. ती रुमालात बांधून ताई मिरजेला आल्या होत्या. सोबत एका पेन ड्राइव्हमध्ये आईच्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं.

"नानासो, गाणं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "त्याआधी दोन मिनिटं चौदा सेकंद नुसता तंबोरा आहे, तेवढं ऐका. मला तो आवाज परत हवा. दुसरा कितीही गोड तंबोरा मला नको आहे."

"वस्तादांचा हात आता कुठनं आणू, ताई? पर घोडी त्यांची हाय. करतो."

घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तबलीवरची, भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या फळीवरची, छोटी पाटी. तिच्यावरून चारही तारा जातात. तिच्या माथ्यावर हाडाची पट्टी असते आणि ती किंचित गोलसर घासलेली असते. तार त्या गोलाईला हलकेच शिवत राहते, म्हणून तंबोऱ्याचा तो रुंद, झणझणता नाद निघतो. याला जवारी म्हणतात. कानशीचा एक हात जास्त फिरला तरी ती बदलते. घासून गेलेलं हाड परत भरता येत नाही.

दुसऱ्याच्या घोडीला हात लावण्याआधी तिचं माप भिंतीवर लिहायचं, ही वस्तादांची शिस्त. नानासोंनी हाडाच्या जाडीला व्हर्नियर कॅलिपर लावला आणि खिडकीशेजारी पेन्सिलीने मिलिमीटरमध्ये लिहिलं: 'वस्ताद. मध्ये ६.४.'

आम्हाला कुठे उभं करायचं, हे रंगुबाईंनी ठरवलं. त्या नानासोंच्या पत्नी.

"दोन दोन पावणे आणलेत, ते बी उभे ऱ्हाणारे! मधी ठेवले तर मी जायचं कुठनं? सारा त्यास्नी कोपऱ्यात."

आम्हाला दोन कोपऱ्यांत भिंतीला चिकटवलं. माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर पितळेचा लोटा आला. कोपऱ्यात उभा केलेला स्पीकर खालचे सूर फुगवून सांगतो. मला ते कळत होतं, पण स्पीकरला आपली जागा बदलता येत नाही.

चार महिन्यांत नवा तंबोरा उभा राहिला. भोपळा उत्तम होता. नानासोंनी वस्तादांची घोडी जशीच्या तशी बसवली आणि तारा छेडल्या. तेव्हा रंगुबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात आल्या. लग्न होऊन मिरजेला आल्यापासून त्यांनी दादासो वस्तादांचे तंबोरे ऐकले होते.

"हेच की वं!" त्या म्हणाल्या. "वस्तादांचाच हाय ह्यो."

"थांब जरा. ताईंच्या आईचा लावून बघतो."

नानासोंनी रेकॉर्डिंग लावलं. मी वाजलो. पहिल्या तीन तारा ठीक गेल्या. चौथ्या तारेला, खर्जाला, माझ्या बाजू थरथरू लागल्या. तार विझली तरी मी घुमत राहिलो, आणि माझ्यासोबत सगळी खोली घुमत राहिली. नानासो समोरच्या भिंतीला टेकून बसले होते, जिथे ती घूम सर्वांत मोठी होती.

"ऐकलंस? त्यांचा खर्ज केवढा लांबतोय. आपला लगेच मरतोय."

"मला तर दोन्ही सारखंच वाटलं बाई."

"तुला काय कळतंय त्यातलं? जा, भाकरी करपंल."

त्यांनी घोडी उतरवली आणि कानस उचलली.

मित्रांनो, रेकॉर्डिंगमधला प्रत्येक सूर मी खराच वाजवत होतो. पण प्रत्येक खर्जाला माझं स्वतःचं काहीतरी मिसळत होतो, आणि ऐकणाऱ्याला ते वेगळं काढता येत नव्हतं. जो आवाज त्या तंबोऱ्यात कधी नव्हताच, तो नानासो हाडातून काढायला बसले होते. घोडी उतरायची, दोन हात कानस फिरायची, घोडी चढायची. मग पुन्हा मी. मग पुन्हा कानस. तीन आठवड्यांत घोडी अकरा वेळा उतरली. सातव्या वेळेनंतर तंबोऱ्याचा नाद पसरट होऊ लागला, दहाव्यानंतर त्यात पत्रा वाजल्यासारखी खरखर आली. रंगुबाई आता दारात येत नव्हत्या. नानासोंचं जेवण कमी झालं होतं. "हात गेला माझा," ते एकदा मला टेकून म्हणाले. त्यांचा हात गेला नव्हता. पण मला तेवढं सांगता आलं नाही. मला फक्त घुमता येत होतं.

मग प्रांजल आली. ही त्यांची नात. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती पुण्याहून नुकतीच परतली होती. आजोबा रेकॉर्डिंग लावत असताना ती सहज माझ्या बाजूवर हात ठेवून उभी राहिली आणि दचकली.

"आबा, ह्याच्या अंगाला मुंग्या आल्यात."

"बोलतोय त्यो. म्हणून तर घेतलाय."

तिने खिशातून इअरफोन काढले, पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि आजोबांच्या कानात ते बसवले. नानासोंनी दोन मिनिटं चौदा सेकंद ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी इअरफोन काढले आणि हातात तसेच धरून ठेवले.

"प्रांजल, ह्यात खर्ज लांबत न्हाई गं."

"नाहीच लांबत, आबा."

तिने फोनवरून मला एकेक सूर द्यायला सुरुवात केली. साठ हर्ट्झ, सत्तर, ऐंशी. शंभरच्या पुढे माझ्या डोक्यावरचा लोटा खडखडू लागला. एकशे चारला तर टांगलेले तिन्ही भोपळे हुंकारू लागले. रंगुबाई बाहेरून ओरडल्या, "काय पाडताय रं माझं घर!"

प्रांजलने फूटपट्टी घेऊन खोली मोजली आणि भिंतीवरच, वस्तादांच्या मापाखाली, गणित मांडलं. तीन मीटर तीस सेंटीमीटर लांबीची खोली स्वतःच एकशे चारला घुमते. माझी पेटीही तिथेच घुमते. आणि ताईंच्या आई काळी चार पट्टीत गायच्या. त्यांचा खर्ज बरोबर एकशे चार.

नानासो उठून माझ्यापाशी आले आणि दुकानात मारली होती तशीच टिचकी मारली. मी उत्तर दिलं. मला देऊ नये असं फार वाटत होतं.

"त्या पोराला मी बोलू दिलं न्हाई," ते म्हणाले. "पेटीनं गप ऱ्हायाचं असतं, हेच सांगत हुता त्यो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना उघडलं. तंबोऱ्याच्या दांडीचे उरलेले तुकडे कापून आमच्या पोटात चार-चार आडवे आधार बसवले, सरस लावून, त्यांच्या नेहमीच्या सफाईने. प्रांजलने आम्हाला कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून साडेब्याऐंशी सेंटीमीटरवर आणलं, म्हणजे खोलीच्या लांबीचा चौथा हिस्सा. तिथून ती घूम फार कमी उठते. तक्क्याही समोरच्या भिंतीपासून तितकाच पुढे आला. लोटा आणि रुमाल रंगुबाईंनी स्वतःहून उचलून नेले. जायला-यायला अडचण होते, तर त्या अंग चोरून आमच्यामधून जातात.

मग रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नुसता तंबोरा वाजवला, माझं काहीही न मिसळता. दारात रंगुबाई उभ्या होत्या.

"पयल्या दिवशी आपला असाच वाजला हुता," नानासो म्हणाले. "तू म्हणाली हुतीस."

"च्या ठेवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नानासोंनी फोन करून संयोगिताताईंना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. "चूक माझी हाय," एवढंच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. ताई आठवड्याने आल्या. तक्क्यापाशी बसून त्यांनी तारा छेडल्या, थोडं ऐकलं आणि हात तारांवर ठेवून नाद थांबवला.

"तुम्ही दुसरी घोडी बसवा, नानासो. तुमच्या हातची. तंबोरा मी नेईन. आईची घोडी मात्र परत द्या."

"ताई, ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाई."

"राहू दे. मला ठेवायची आहे."

या गोष्टीला दोन वर्षं होतील. माझं पॉलिश आता उडालं आहे. खोलीत मी अजून साडेब्याऐंशीच्या खुणेवर उभा आहे, पण नानासो मला क्वचितच लावतात. लावलं तरी आधी इअरफोनवर ऐकून घेतात. त्यांचं बरोबरच आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी स्पीकर घ्याल, तेव्हा आधी आपली खोली मोजा. लहान खोलीला लहान जोड घेण्यात कमीपणा नाही. पेटीवर टिचकी जरूर मारा, आणि जी कमी बोलेल ती घरी न्या. तिला कोपऱ्यात ढकलू नका, डोक्यावर लोटा ठेवू नका. थोडं पुढे ओढा, ऐका, पुन्हा सरकवा. घरातल्या माणसाने सारखंच वाटलं म्हटलं, तर एकदा थांबा. दुकानातला माणूस काही सांगत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. माझ्यापाशी द्यायला आता एवढंच आहे.

ताई घोडी परत मागायला आल्या, त्या दिवशी त्यांनी पर्समधून ती बांधून आणलेला तोच रुमाल काढला. घोडी बांधण्याआधी नानासोंनी ती प्रांजलच्या हातात दिली आणि माप घ्यायला सांगितलं. तिने कॅलिपर मध्यभागी लावला, तीनदा वाचलं, आणि खिडकीशेजारच्या ६.४ खाली पेन्सिलीने लिहिलं: ५.१.