न झालेलं हसू

साहेब, काचेच्या केबिनमध्ये बसून तुम्ही एका म्हाताऱ्या नटाला गद्दार ठरवलंत, आणि तेही त्याने न केलेल्या अभिनयासाठी. तुमच्या हाताला डाग लागला नाही, कारण हे काम तुम्ही दुसऱ्याच्या हातून करवून घेतलंत. ते हात कोणाचे, तेच सांगतो.

ते हात चाळिशीतल्या एका बाईचे. वाहिनीच्या कचेरीत त्या प्रेक्षकांची मतं वाचून, निवडून वर पाठवायच्या. नोकरीचा दुसरा भाग मात्र त्या घरीसुद्धा सांगत नसत. ऐतिहासिक मालिकेचा भाग लागण्याआधी पटकथा वाचायची आणि दहा खोट्या नावांनी दहा मतं लिहून ठेवायची. भाग संपला रे संपला की ती वाहिनीच्या पानावर पडत. साहेब त्याला विरजण म्हणत. "आपण चमचाभर लावायचं. बाकीचं आपोआप लागतं."

त्या आठवड्याच्या पटकथेत किल्ल्याचा द्वारपाल शत्रूला दार उघडून देतो आणि हसतो. बाईंनी लिहिलं, "ते हसू पाहून अंगावर काटा आला." दुसऱ्या नावाने लिहिलं, "असल्या नटाला रस्त्यात ओळखून ठेवा." भाग त्यांनी पाहिला नाही. आपणच लिहिलेलं पुन्हा पाहायचं काय?

तीन दिवसांत चाळीस हजार मतं आली. कुणाला हसताना त्याचा दात चमकलेला दिसला. कुणाला दारापाशी रडणारी एक लहान मुलगी दिसली, तिच्याकडे बघूनच म्हणे तो हसला. बाई थबकल्या. पटकथेत मुलगी नव्हती. पण शेकडो जणांनी तिला पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला तिचा झगा हिरवाच दिसला होता.

त्या खाली संकलनाच्या खोलीत गेल्या. तिथले काका तीस वर्षं चित्रफिती कापत-जोडत आलेले.

"काका, दारातली मुलगी कधी घातलीत?"

"कुठली मुलगी?"

"द्वारपाल हसतो तेव्हाची."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, तो प्रसंगच नाही भागात. नट तापाने घरी पडलेला. चित्रीकरणच झालं नाही. बंद दार दिसतं, मग शत्रू आत. बस."

"मग लोकांनी काय पाहिलं?"

"तुम्ही काय लिहिलं होतंत?"

काकांनी तेवढा तुकडा लावला. चार सेकंद बंद दार. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बाई पडद्याजवळ वाकल्या. "काका, तिथे. दाराच्या कडेला. काहीतरी हिरवं हललं."

काकांनी पडदा बंद केला. "झालं. तुम्हालाही दिसायला लागलं." मग हलक्या आवाजात म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो हो. चारचौघांत 'मी पाहिलं' म्हटलेलं विसरत नाही, मागे घ्यायची लाज वाटते. चाळीस हजार माणसं आपापल्या शब्दाची राखण करत बसलीत. आणि त्या नटाच्या दाराला कुणी काळं फासलं, कुणी त्याच्या कपाळावर दगड मारला."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, लोकांना दिसलंय ना, मग खोटं कशाला पाडायचं? सोमवारी चित्रित करा, पुन्हा दाखवताना घालू. मुलगीही घ्या. झगा हिरवा."

बाई रंगभूषेच्या खोलीपाशी आल्या. आत कपाळाला पट्टी बांधलेला म्हातारा नट आरशासमोर एकटाच हसत होता. थांबायचा, बोटांनी ओठांचे कोपरे चाचपायचा, परत हसायचा.

"या ताई. तुम्ही पाहिलात ना भाग? मी कसा हसलो होतो? लोक म्हणतात तसं जमेना."

"बाबा, तुम्ही हसलाच नाहीत. तुम्ही त्या दिवशी घरी होतात."

"मलाही तसंच वाटायचं," तो अदबीने म्हणाला. "पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? माझी नात माझ्याजवळ येईना. आलो असेन तापात. हसलो असेन." आरशातल्या स्वतःकडे त्याने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "ती मुलगी तर आता मलाही आठवते."

बाई तशाच घरी आल्या. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"लवकर आलीस? अगं, तो मेला द्वारपाल कसा हसला ना! मीही मत टाकलं, माझ्या नावाने."

"तुम्ही पाहिलंत, आई?"

"मग? या दोन डोळ्यांनी."

"आई, ते हसू मी लिहिलंय. पगारासाठी. खोटी नावं घेऊन." बाईंनी फोनवर ती चार सेकंदं लावली. बंद दार.

सासूबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा ओट्यापाशी होते गं. बाहेर आले तर शेजारीण म्हणाली, कसा हसला बघितलंत? आता 'नाही बघितलं' म्हणून मीच बावळट ठरू का?" भाजीची जुडी त्यांनी बाजूला सारली. "ते मत काढता येतं?"

"येतं."

"काढ. त्या जागी लिही, मी पाहिलं नव्हतं. नाव राहू दे."

बाईंनी ते लिहिलं. त्याखाली स्वतःचं लिहिलं, "ते हसू माझं. नटाचं नाही." पहिल्यांदाच खऱ्या नावाने. पाच मिनिटांत शिव्या सुरू झाल्या. विकली गेलेली बाई. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी कामावरून काढल्याचं पत्र आलं.

नागरिकहो, जे पाहिलं नाही त्याला 'पाहिलं नाही' म्हणायला लाजू नका. तुमचा होकार फुकटचा असतो, पण त्याने एखाद्याची स्वतःची आठवणसुद्धा हिरावली जाते. एका म्हातारीने भाजी निवडता निवडता शब्द मागे घेतला. तिला जमलं, तुम्हालाही जमेल.

आणि साहेब, सोमवारच्या चित्रीकरणाचा कागद अजून भिंतीवर आहे. त्या माणसाला तुम्ही न हसलेलं हसू हसायला लावणार आहात की नाही? सोमवारच्या आत लेखी कळवा. खाली सही तुमची हवी.