दारामागची बाई

"थांब, थांब. मागं घे जरा," ललिता म्हणाली आणि तिने समोरचा चहाचा ग्लास बाजूला सारला.

सत्यजीतने मोबाईलवर बोट सरकवलं. कुरकुंभच्या चौकातल्या त्या हॉटेलात फर्स्ट शिफ्ट सुटल्याची गर्दी होती. बाकड्याबाकड्यावर वडापाव आणि मोठ्यामोठ्याने गप्पा चालल्या होत्या. इअरफोनचं एक टोक ललिताच्या कानात होतं, दुसरं सत्यजीतच्या.

पडद्यावर पत्र्याच्या घराचं दार वीतभर उघडलं. फटीतून एक म्हातारी बाहेर बघू लागली. हातात खुरपं, तोंड अर्धवट उघडं, आवाज मात्र नाही. तिची नजर कॅमेऱ्यावर नव्हतीच. कॅमेऱ्याच्या पलीकडे, घराच्या कोपऱ्याकडे ती बघत होती, जणू तिथून काहीतरी येणार आहे. मग दार लागलं.

"तिचा पाय बघितलास?"

"कुठला पाय?"

"दाराला आतनं पाय लावलाय तिनं. कुणी ढकललं तर म्हणून. असलं नटीला सांगून जमत न्हाई रं. कोण हाय ही?"

"हाय आमच्या वस्तीवरली एक म्हातारी," सत्यजीत म्हणाला. "लय नॅचरल करती."

ललिताच्या अंगावर खरंच काटा आला होता. तिने बाही वर करून तो त्याला दाखवलासुद्धा.

औषधाच्या कंपनीत पॅकिंगला असलेली ललिता कंपनीच्या बसमध्ये प्रसिद्ध होती ती भुतांच्या पिक्चरमुळे. दौंडहून बस निघाली की बायका म्हणायच्या, "ललिते, काल काय बघितलंस?" आणि ती सांगायला लागली की पुढच्या सीटवरचे पुरुषही गाण्याचा आवाज कमी करायचे. मोठ्या बजेटचे, कंप्युटरवर भूत काढलेले पिक्चर तिला आवडत नसत. तिला लागायचे ते चार माणसांनी, एका घरात, उसनवारीच्या कॅमेऱ्यावर काढलेले. कुठल्याही भाषेतले. भाषा न समजून तिचं काही अडत नसे. तिचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे पैसा नाही त्याला भूत दाखवणं परवडत नाही. मग तो काय दाखवणार? भ्यालेलं माणूस दाखवणार. आणि खरी गंमत तिथंच असते.

नवरा खंडू टेम्पो चालवायचा. रात्री-अपरात्री घाटातून एकटा गाडी आणणारा हा गडी, पण बायकोने पिक्चर लावला की अंगणात जाऊन बसायचा. "विहारात जाऊन वंदना म्हणतीस आन् घरी येऊन भुतं बघतीस," असं तो चिडवायचा.

"भूत नसतं म्हणूनच बघते," ती म्हणायची. "असतं तर बघितलं असतं व्हय?"

सत्यजीतने काही महिने तिच्याच कंपनीत काम केलं होतं. तिचं सांगणं ऐकतच त्याला पिक्चर काढायचं वेड लागलं असं तो म्हणे. नोकरी सोडून, मित्र गोळा करून, राहूच्या पुढे नदीकाठी आपल्या वस्तीवर त्याने अर्ध्या तासाचा पिक्चर केला होता, आणि युट्यूबवर टाकण्याआधी तो तिला दाखवायला आला होता.

"बाकीचं कसं वाटलं, ताई? खरं सांगा."

"खरं सांगू? घुंगरू काढ. मांजर काढ. मांजरानं उडी मारली की माणूस दचकतं, भीत न्हाई. दचकनं निराळं आन् भिनं निराळं. ती पांढऱ्या साडीतली पोरगी कोण हाय?"

"माझी चुलतबहीण."

"तिला काढून टाक म्हनत न्हाई, पण लांबून दाखव. आन् हा म्हातारीचा सीन शेवटाला का ठेवलास? एकदम पुढं घे. पहिलाच. कुणाला काय कळायच्या आत ते दार उघडलं पायजे. जाहिरात करनार आसशील तर तेवढाच तुकडा टाक. बघच मग."

सत्यजीतने तसंच केलं.

तो तुकडा हां हां म्हणता पसरला. कंपनीच्या बसमध्ये बायका एकमेकींना दाखवू लागल्या. ललिता पहिल्या दिवशी खूश होती. आपण सांगितलेलं बरोबर निघालं म्हणून तिने खंडूलाही बळेबळे बघायला लावलं. पण पुढे तोच तुकडा फिरत फिरत आला तेव्हा त्याच्यावर कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'खरी हडळ. दौंड तालुका. व्हिडिओ पूर्ण बघा.' पिक्चरचं नाव नव्हतं, सत्यजीतचं नाव नव्हतं.

नकुशी तिच्याच लाइनवर काम करायची. राहूकडची, सत्यजीतच्याच वस्तीवरची, कमी बोलणारी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच ललितासमोर येऊन बसली.

"ललिते, तो व्हिडिओ आमच्या सत्यजीतचा हाय ना?"

"व्हय. का गं?"

"ती म्हातारी बानूबाई हाय. आमच्या वस्तीवर ऱ्हाती, एकली. तिला ठावंच न्हाई तिचा पिक्चर काढलाय ते."

ललिताला आधी समजलंच नाही. "ठावं न्हाई म्हंजी? ती काम करती ना त्यात?"

"कशाचं काम? पोरांनी पत्र्यावर दगडं टाकली. मागल्या बाजूनं डबे बडवले. म्हातारी दार उघडून बघाय लागली तवा मोबाईल धरला." नकुशीने इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "आता नळावर बाया तिला हंडा लावू देत न्हाईत. हौसरावाचा नातू तापानं फणफणलाय, तर म्हनत्यात हिचीच नजर लागली. उद्या तिला घराबाहेर काढून पोरावरनं उतरवून घेनार हायती. न्हाई आयकलं तर काय करत्याल देव जाणं."

ललिताच्या हातातला घास तसाच राहिला. तिच्या डोळ्यांसमोर तो पाय आला, दाराला आतून लावलेला. नटीला जमत नाही असं ती स्वतःच म्हणाली होती. इतकं नेमकं दिसूनही आपल्याला कळलं नव्हतं.

तिने तिथूनच सत्यजीतला फोन लावला.

"काढ तो व्हिडिओ. आत्ताच्या आत्ता काढ."

"ताई, आता काढून काय उपेग? लोकांनी घेऊन ठेवलाय. आन् हडळ मी लिवलंय का?"

"तिला घाबरवलं तर तूच ना?"

तो म्हणाला, "पुढं घे म्हनून तुम्हीच सांगितलं हुतं, ताई."

घरी येऊन तिने सगळं खंडूला सांगितलं. तो जेवता जेवता ऐकत होता. "पोलिसात सांगावं," तो म्हणाला. "आपण परगावची मानसं. तिथं आपलं कोण हाय? हौसराव म्हंजी मोठ्या घरचा मानूस. आपल्यालाच हानत्याल."

"मग तू नगं येऊ."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. सकाळी ती पायात चप्पल घालत होती तोवर खंडूने मोटरसायकल बाहेर काढून पुसायला घेतली होती. दोघं वाटेत फार बोलली नाहीत. भांडगाव मागे पडल्यावर त्याने गाडी बाजूला घेऊन पोलिसांना फोन केला, वस्तीचा पत्ता दिला, नाव विचारलं तेव्हा स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि पुन्हा गाडीला किक मारली.

उसाच्या मधून जाणारी वाट संपली तिथे माणसं दिसली. तीस-चाळीस तरी असतील. पत्र्याचं घर ललिताने लांबूनच ओळखलं. दार बंद होतं, कडीला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या आणि उंबऱ्यासमोर कुणीतरी राखेची रेघ ओढली होती. हौसराव पुढे उभा होता, पांढऱ्या टोपीतला थोराड म्हातारा. त्याच्या मागे त्याची सून राजश्री, खांद्यावर चार-पाच वर्षांचं पोर. पोराची मान लुळी पडली होती.

"बाने, भाईर ये," हौसराव ओरडत होता. "पोरावरनं हात फिरीव आन् तुझं तू घिऊन जा. न्हाईतर दार मोडतो."

आतून काही आवाज नाही. एकाने पहार आणली होती.

गर्दीच्या मागे बांधावर सत्यजीत उभा होता. त्याचा मोबाईल वर धरलेला होता. ललिताला तो दिसला आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. नुसता संताप उरला. ती माणसांना हाताने बाजूला करत पुढे गेली, राखेची रेघ चपलेने पुसली आणि दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली.

"ही कोन?" हौसरावाने विचारलं.

"मी दौंडची. ललिता." तिचा आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "आबा, ह्या म्हातारीनं काय केलं न्हाई. त्या व्हिडिओत ती भ्यालेली हाय. तुमच्या पोरांनी पत्र्यावर दगडं मारली म्हनून भ्यालीय. जाहिरातीला हाच तुकडा टाक आसं मी सांगितलं. मला वाटलं नाटक हाय. सत्यजीत, सांग ह्यांना."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सत्यजीतचा हात खाली आला. मोबाईल खिशात घालून तो बांधावरच उभा राहिला.

"बाई, तू ऊठ तिथनं," पहारवाला म्हणाला. "आमच्या वस्तीतलं आमी बघू. तुझा काय संबंध?"

"न्हाई उठत."

तो दोन पावलं पुढे आला. ललिताला पाठीमागे दार किंचित हललेलं जाणवलं. आतून कुणीतरी त्याला टेकलं होतं. पातळ पत्र्यातून श्वास ऐकू येत होता. तिने पाय आखडून घेतले आणि डोळे मिटले नाहीत, एवढंच तिला नंतर आठवलं.

तेवढ्यात खंडूचा आवाज आला. त्याने मोटरसायकल गर्दीच्या कडेने आत आणली होती आणि तो हौसरावाशी बोलतच नव्हता. तो राजश्रीशी बोलत होता.

"ताई, पोराला कवापासनं ताप हाय?"

"झाले की लय दिवस," ती पुटपुटली.

"हात लावू का?" त्याने पोराच्या कपाळाला पालथा हात लावला आणि झटकन काढला. "भाजतंय हो. चला, बसा मागं. सरकारी दवाखान्यात नेतो. हिथं उभं ऱ्हाऊन ताप उतरत न्हाई."

"सूनबाई, जागची हलू नगंस," हौसराव म्हणाला.

राजश्रीने सासऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. पोराने झोपेतच हुंदका दिला. तिने पदर खोचला, पोराला छातीशी धरलं आणि खंडूच्या मागे बसली. हौसराव हाका मारत राहिला; तिने वळून पाहिलं नाही. गाडी उसाच्या वाटेला लागली आणि जमलेल्या माणसांना आपण इथे कशासाठी उभे आहोत हे कुणालाच नीट सांगता येईना. पहारवाल्याने पहार जमिनीवर टेकली. मागची माणसं एकेक करून सटकू लागली. पोलिसांची गाडी आली तेव्हा हौसराव तिथेच दगडावर बसला होता, टोपी हातात घेऊन.

पोराला टायफॉइड निघाला. सलाइन लागली, काही दिवसांनी ते घरी आलं. पोलिसांनी जबाब घेतले. हौसराव आणि सत्यजीतवर गुन्हा दाखल झाला. सत्यजीतने पिक्चर काढून टाकला, तुकडा मात्र कुठे कुठे फिरतच राहिला.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी पोलीस आल्यावरच दार उघडलं. बानूबाई व्हिडिओत दिसत होती त्याहून लहानखुरी होती. तिने ललिताला तांब्याभर पाणी दिलं; घरात बहुधा तेवढंच होतं. मग म्हणाली, "मला दाव की ते."

"काय?"

"माझा पिच्चर. समद्यांनी बघितला. म्याच न्हाई बघितला."

ललिताला नको वाटत होतं, पण तिने मोबाईल काढला. बानूबाईने तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला. दार उघडलं, दार लागलं.

"पुन्यांदा लाव."

ती पुन्हा पाहत राहिली.

"येवढी म्हातारी दिसती व्हय मी?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आन् ह्येला लोक भ्याले? आगं, ही बाईच किती भ्यालीय."

ललिताने मोबाईल हळूच तिच्या हातातून घेतला.

पिक्चर बघणं तिने सोडलं नाही. बसमधल्या बायका विचारायच्या आणि ती सांगायचीही. पण आता मधेच थांबायची. एकदा म्हणाली, "मी काय म्हंते, ह्या समद्या पिक्चरमदी भूत कायम बाईच का आसती? आन् तीबी मागंपुढं कुणी नसलेली?" बायकांना वाटलं, हा गोष्टीचाच भाग आहे. नकुशी तेवढी खिडकीबाहेर बघत राहिली.

बानूबाईला वस्तीवर राहवेना. उघड कुणी काही बोलत नसे, पण नळावर ती आली की बाया हंडे उचलून निघून जात. शिरूरला तिची भाची होती, ती ठेवून घ्यायला तयार झाली. पोचवायला ललिता गेली. ती पोचली तेव्हा म्हातारी अंगण झाडत होती. झाडून झाल्यावर तिने सडा घातला, कोंबड्या नकुशीच्या हवाली केल्या, धुतलेलं लुगडं नेसली आणि मगच दाराला कुलूप लावलं.

"आता कशाला सडा घातला, आजी?" ललिताने विचारलं.

"घर हाय," बानूबाई म्हणाली.

फाट्यावर शिरूरची एसटी आली. थांब्यावर वस्तीवरची सात-आठ माणसं होती. ती दोन पावलं मागे सरली. ललिताला वाटलं, म्हातारी आता डोईवरचा पदर पुढे ओढून घेईल. बानूबाई वर चढली, खिडकीजवळची जागा पाहून बसली आणि घट्ट बसलेली काच दोन्ही हातांनी जोर लावून सरकवू लागली. काच उघडली. गाडी हलली तशी तिने पदर मागे सारला आणि तोंड बाहेर काढून ती एकेकाकडे बघत राहिली, शेवटचं घर मागे पडेपर्यंत.