काडेपेटी आणि एकसष्ट चाचण्या

मला याद्या आवडत नाहीत. याद्या सांभाळणारी माणसं तर त्याहून आवडत नाहीत. तरी मुबीनभाईंच्या हाताखाली मी चार वर्षं टिकले, यावरून त्यांचा स्वभाव किती चांगला असेल ते ओळखा.

तळवड्यात आमची लहानशी कंपनी आहे. आम्ही पॉवर प्रेसचे कंट्रोलर बनवतो. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबून धरली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात साच्यात राहायचा प्रश्नच नाही. यावर लक्ष ठेवते ती आमची पेटी. पेटीतला प्रोग्रॅम मी लिहिते, आणि तो नीट चालतो का हे बघणाऱ्या एकसष्ट चाचण्याही आम्हीच लिहिल्यात.

त्या शुक्रवारी चाळीस पेट्या चाकणला जायच्या होत्या. ज्या कारखान्यात जायच्या होत्या, तिथे माझे वडील भिमाजी सव्वीस वर्षं प्रेसवर आहेत. सोमवारी त्यांच्या मशीनला आमची पेटी बसणार होती. ऑफिसात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक उगाच भावुक होतात.

आता यादीचं. आमच्या सगळ्या चाचण्या मिळून एकच मोठा प्रोग्रॅम बनायचा. नवी चाचणी लिहिली की तिचं नाव बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम जुळवणाऱ्या, फायलीत दोन ठिकाणी हाताने घालायचं, आणि ते मुबीनभाई तपासणार. "यादीत नाव घातलं का?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारलाय की झोपेतही मी हो म्हणेन. शेवटी त्या आठवड्यात मी वैतागून ती यादीच उडवली. त्या जागी तेरा ओळी लिहिल्या. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये जा, जी जी फाइल दिसेल तिचा स्वतंत्र प्रोग्रॅम बनव, आणि एकेक करून सगळे चालव. बस्स. नवी फाइल टाकली की तिचा प्रोग्रॅम आपोआप तयार. हातच्या काकणाला आरसा कशाला, एकसष्ट फायलींचे एकसष्ट प्रोग्रॅम दोन मिनिटांत माझ्यासमोर उभे राहिले. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

साठ पास झाले. एक नापास.

नापास झालेली चाचणी माझीच होती. तीही साधीसुधी नाही, जिचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता ती. एक बटण आधीच दाबून अडकवलेलं असताना मशीन चालू केलं, तर प्रेसने हलायचं नाही, असं ती तपासते. दोन वर्षं ती न चुकता पास होत होती.

मुबीनभाई म्हणाले, तुझ्या तेरा ओळींतच गडबड असणार, माझ्याकडे तर ती पास होते. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी जुना प्रोग्रॅम चालवला, पास. मग मी त्यांच्याच यादीतलं माझ्या चाचणीचं नाव उचलून सगळ्यात वर नेलं आणि पुन्हा चालवलं. नापास. मुबीनभाई चष्मा काढून स्क्रीनकडे बघत बसले. त्यांना कळलं होतं, आणि मलाही.

इथेच घोडं पेंड खात होतं. 'दोन्ही बटणं एकदा सुटलेली पाहिली' अशी एक खूण पेटी मनात ठेवते. चालू होताना त्या खुणेचं उत्तर 'नाही' असायला हवं. मी ते चुकून 'हो' ठेवलं होतं. पण एकाच प्रोग्रॅममध्ये माझ्या आधी चालणारी चाचणी जाता जाता ते 'नाही' करून जायची. म्हणजे माझी चाचणी दोन वर्षं शेजारणीच्या पेपरात बघून पास होत होती. वेगळ्या वर्गात बसवल्यावर तिचं पितळ उघडं पडलं. कारखान्यातलं मशीन तर रोज सकाळी एकटंच चालू होतं. त्याच्या आधी कुणी नसतं.

मला लाज वाटली. दुसऱ्यांच्या यादीला नावं ठेवत होते आणि माझ्याच डोळ्यात मुसळ होतं.

आम्ही दोघं मालकांकडे गेलो. उद्धवराव तापट नाहीत, पण त्यांनी चाकणला शब्द दिला होता आणि टेम्पो गेटवर उभा होता. साठ पास आहेत ना, ते म्हणाले, उरलेलं एक पुढच्या खेपेला बघू. उगाच खाजवून खरूज काढू नका. मग त्यांनी जे विचारलं ते त्यांच्या जागी कुणीही विचारलं असतं.

"बटण अडकवून मशीन चालू करायला कोण एवढं खुळं आहे?"

"माझे वडील," मी म्हटलं.

हा शब्द चाकणला पोचला तर वडिलांची नोकरी जाऊ शकत होती. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. माझे वडील विडी ओढत नाहीत, तरी त्यांच्या खिशात कायम काडेपेटी असते. एका बटणाच्या फटीत काडी खुपसायची, मग एकच हात बटणाला लागतो आणि दुसऱ्याने पत्रा सरकवता येतो. प्रॉडक्शन निघतं. त्या लाइनीवर सगळेच करतात. लाइट गेली तरी काडी तिथेच राहते. चालू मशीनमध्ये घातलेली काडी पेटीला दाबलेल्या बटणासारखीच दिसते, ती पकडता येते फक्त मशीन नव्याने चालू होताना. हे ऐकूनच मी ती चाचणी लिहिली होती.

उद्धवराव उठले. आमच्या टेस्टिंगच्या लहान प्रेसपाशी आले. मी बटणात काडी घातली, मशीन बंद करून चालू केलं, डब्यातली काकडी साच्यात ठेवली आणि एका बोटाने दुसरं बटण दाबलं. काकडीचे दोन तुकडे झाले. उद्धवरावांनी एक तुकडा उचलला, परत ठेवला आणि स्वतः गेटवर जाऊन टेम्पो रिकामा पाठवला. येताना एवढंच म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव या दाराबाहेर जाणार नाही."

दुरुस्ती एका शब्दाची होती. चाळीस पेट्या उघडून त्यांत प्रोग्रॅम पुन्हा भरायला मात्र शनिवार संध्याकाळ झाली. निम्म्या पेट्या मुबीनभाईंनी भरल्या, आणि यादीबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. सोमवारी सकाळी माल चाकणला पोचला आणि मंगळवारी पेट्या बसल्या.

बुधवारी वडील जेवायला बसले तेच कुरकुरत.

"तुज्या कंपनीची पेटी लई हट्टी हाय गं," ते म्हणाले. "काल पैल्याच दिशी काडी घातली. दुपारी लाइट गेली, आली. मी मोटर चालू केली. आत पत्रा अडकल्याला, म्हून हात घातला, तर कोपर लागलं दुसऱ्या बटनाला. तशी ही बया लाल दिवा लावून बसली. काडी काढंस्तवर हालंना. अर्धा तास गेला माजा."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली. वडिलांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. त्यांना अर्ध्या तासाचं दुःख होतं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तो हात पिठल्याशी भाकरी खात होता, पाचही बोटांनी.

आई उठली. खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशातून तिने काडेपेटी काढली आणि गॅसजवळच्या फळीवर ठेवली.

"आगं, उद्या लागंल मला," वडील म्हणाले.

"न्हाई लागायची," आई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली.