शिंकाळ्याला न पोचणारा हात

गुरम्माचं बोलणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. रुद्राणीला बघायला ती उदगीरला गेली, तेव्हा भरल्या घरात म्हणाली, "हात पोचंल का हिचा आमच्या शिंकाळ्याला?" सगळे हसले. पोरीची आई पार्वतम्मा तेवढी हसली नाही. ती स्वतः लेकीएवढीच ठेंगणी होती.

पण गुरम्माच्या लेकाला, वीरभद्राला, पोरगी आवडली आणि लग्न झालं. लातूर नवा जिल्हा झाला तसा तो तिथल्या कचेरीत चिकटला. रेणापूरला घरी यायचा तो रविवारी. शिंकाळं होतं तिथंच राहिलं. रुद्राणी पाटावर चढून दही काढायची.

पुढं एका वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, गाव टँकरवर आलं आणि त्यातच रुद्राणीला दिवस गेले. सातवा सरताना नर्सबाई सिंधुताईंनी गुरम्माला बाजूला घेतलं.

"ठेंगण्या बाईचं कधी कधी दिवस भरायच्या आधीच होतं. समद्यांचं न्हाई होत, पण हिला आत्ताच लातूरला लेकाकडं ठेवा. मोठा दवाखाना जवळ हाय."

"पोट काय उंचीवर मोजत्यात व्हय बाई?" गुरम्मा फणकारली. "माझी समदी लेकरं दिवस भरून झाली. आन् आठवा तोंडावर आलाय. आठव्यात गरवार बाई वेस ओलांडत न्हाई. नवव्यात बघू."

बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून ती सुनेला जपायला लागली. सुनेला तिनं टँकरपाशी फिरकू दिलं नाही. रांगेत स्वतः उभी राहायची. रुद्राणीनं कमरेला हात लावला की हिचा जीव टांगणीला. "कळ हाय का गं?" "न्हाई, आत्याबाई." तरी घटकाभरानं पुन्हा तेच विचारायची.

आठवा निम्मा झाला असेल. भर दुपारी गुरम्माची घागर भरत होती, आणि शेजारची धोंडाबाई ओरडत आली, "गुरम्मा, सुनंचं पाणी गेलं की गं!"

घागर तिथंच लवंडली. गुरम्मानं टँकरवाल्याचे पाय धरले. सुनेला टँकरच्या केबिनमध्ये बसवून तिनं आठव्या महिन्यात वेस ओलांडली. वाटेत रुद्राणी तिचा दंड घट्ट धरून म्हणाली, "मी बी आठव्यातच झाले व्हते, आत्याबाई. आईची समदी लेकरं अशीच झाली."

गुरम्मा तिच्याकडं वळली. "मग बोलली का न्हाईस?"

रुद्राणीला कळ आली.

लातूरच्या दवाखान्यात पोहोचल्यावर लगेच मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. "श्वास चालू आहे, पण आत्ताच काही सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुरम्मा बाहेर बाकावर गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसली. वीरभद्र कचेरीतून धावत आला, त्यानं उदगीरला निरोप धाडला आणि संध्याकाळच्या गाडीनं पार्वतम्मा आली.

"सांगायचं तरी होतं, ईनबाई," गुरम्मा रडवेली होऊन म्हणाली.

"कुणाला सांगू?" पार्वतम्मानं शांतपणे विचारलं. "त्या दिवशी हसत व्हते, त्यास्नी?"

गुरम्माची जीभ या वेळी उचललीच नाही. ती सरकली आणि विहिणीला जागा करून दिली. दोघी दाराच्या काचेतून पेटीकडं बघत बसून राहिल्या.

बऱ्याच दिवसांनी पोरगी पेटीबाहेर आली, आईच्या अंगावर प्यायला लागली. तेव्हा कुठं गुरम्माच्या जिवात जीव आला. तिनं वीरभद्राला हाक मारली.

"घरी जा," ती म्हणाली, "आन् पैल्यांदा ते शिंकाळं खाली बांध."