दिवा न लागलेल्या दिवसाचा शिक्का

मित्रांनो, मला जुना म्हणा, झिजलेला म्हणा, शाईनं बरबटलेला म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. मी एक लाकडी मुठीचा रबरी शिक्का आहे. माझ्या तोंडावर एकच शब्द आहे, 'तपासले', आणि त्याखाली तारखेचे फिरते पट्टे. सध्या त्या पट्ट्यांवर अकरा तारीख आहे. ती आता कुणी बदलत नाही.

माझा जन्म एका शिक्केवाल्याच्या अरुंद दुकानात झाला. डोळे उघडले तेव्हा कळलं, माझी अक्षरं उलटी आहेत. मी अगदी रडकुंडीला आलो. शिक्केवाल्यानं मला कोऱ्या कागदावर दाबलं, फुंकर घातली आणि म्हणाला, "उलटाच हवास तू. कागदावर सरळ उमटलास म्हणजे झालं." त्या शब्दांचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तिथून मी इस्त्र्यांच्या कारखान्यात आलो. लांबोडकी खोली, पत्र्याचं छप्पर, एका टोकाला जोडणी, दुसऱ्या टोकाला खोकी भरणं. दोन्हींच्या मध्ये एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी ताई बसत. त्या कमी बोलत. इस्त्री समोर आली की एक चिमटा प्लगच्या जाड पिनेला लावत, दुसरा इस्त्रीच्या लोखंडी अंगाला. आतली, शॉकपासून वाचवणारी अर्थिंगची वायर नीट जोडलेली असली की टेबलावरचा छोटा दिवा लागे. ताई हळूच म्हणत, "लागला." मग त्या तपासणीचं कार्ड घेऊन त्यावर मला उमटवत. एक इस्त्री, एक दिवा, एक ठसा. हा त्यांचा नेम होता. दिवा लागला नाही, तर इस्त्री मागे जाई. मग जोडणीतला कारागीर किती का कुरकुरेना!

खोकी भरणाऱ्या बायका त्यांना लागलाताईच म्हणत. "लागलाताई, घरी भात झाला की पण लागला म्हणता का हो?" असं एकीनं विचारलं की दुसरी म्हणे, "नाही गं, तो खाली लागला की म्हणतात." ताईही हसत. मला वाटे, माझ्यासारखा भाग्यवान शिक्का दुसरा नाही. मी खरं बोलतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवून निवांत असतात.

पण मित्रांनो, माझी शाई ओली. ताजं कार्ड खोक्यात टाकलं की अक्षरं फराटत. दुकानदारांच्या तक्रारी आल्या. तेव्हा मॅनेजरनी तोडगा काढला. संध्याकाळी निघताना ताईंनी माझे पट्टे एका दिवसानं पुढे फिरवायचे आणि उद्याची कार्डं आजच ठोकून वाळत ठेवायची. सकाळी दिवा लागला की वाळलेलं कार्ड उचलायचं, बस्स. दिवा लागला नाही, तर कार्ड फाडायचं. ताईंनी तेवढं विचारून घेतलं होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. अजून न झालेल्या गोष्टीबद्दल मी 'तपासले' म्हणू लागलो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग ती अकरा तारीख उजाडली. सकाळपासून वीज गेली ती दिवसभर आली नाही. जोडणी पेचकसानं होते, तिला वीज लागत नाही, म्हणून इस्त्र्या तयार होत राहिल्या. त्या दिवशी वायरचा नवा माल आला होता. त्यातली अर्थिंगची तार बोटभर आखूड होती, स्क्रूखाली जेमतेम पोचत होती. ताईंच्या टेबलाशी इस्त्र्यांची रांग वाढत गेली. दुपारी मॅनेजर आले.

"ट्रक दारात उभा आहे ताई. भरा."

"दिवा लागत नाही साहेब. वीज नाही."

"पण कार्डं तयार आहेत ना?"

"कार्डं आहेत. पण तपासलं नाही."

"इतकी वर्षं तपासताय. शंभरात एखादी निघते. आज नेमकी तीच निघणार आहे का? उगाच घोळ घालू नका."

ताईंनी स्वतःच्या हातानं एकशे शहाण्णव कार्डं एकशे शहाण्णव खोक्यांत सारली. त्या दिवशी "लागला" हा शब्द ऐकू आला नाही. संध्याकाळी वीज आली, तेव्हा ट्रक निघून गेला होता.

चार महिन्यांनी कारखान्याच्या कचेरीत एक माणूस आला. तो शिंपी होता. त्याच्याबरोबर ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या खात्याच्या निरीक्षक बाई होत्या. ताईंना बोलावणं आलं. मॅनेजरनी पुरावा म्हणून मलाही आणायला सांगितलं. शिंप्यानं अर्धवट शिवलेल्या सदऱ्याच्या कापडातून इस्त्री बाहेर काढली आणि तिच्याशेजारी माझं कार्ड ठेवलं. त्याला मशीनच्या तेलाचा डाग पडला होता.

"बायकोनं जपून ठेवलं होतं," तो म्हणाला. "शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांखाली. शिवायचं मी, इस्त्री करायची ती. आठवडाभर म्हणत होती, हाताला मुंग्या येतात. मी म्हटलं, शिक्क्याची आहे, काही होत नाही. मंगळवारी तिला शॉक लागला. गेली."

लागला. मित्रांनो, तोच शब्द! हजारो वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी तो ऐकून माझं रबर थिजलं.

मॅनेजर म्हणाले, "वाईट झालं. पण ओल्या हातानं धरली असेल. आमच्याकडची प्रत्येक इस्त्री तपासलेली असते. हे बघा, शिक्का आहे, तारीख आहे. काय ताई? दोन मिनिटांचं काम आहे, हो म्हणा आणि जेवायला जा."

निरीक्षक बाईंनी विचारलं, "तुम्ही तपासली होती?"

शिंपीही ताईंकडेच पाहत होता. त्याला भांडायचं नव्हतं. आपण बायकोला जे सांगितलं ते खरं होतं, एवढंच त्याला ऐकायचं होतं. ताईंनी 'हो' म्हटलं असतं, तर ते तिथंच मिटलं असतं. पण त्या शिंप्याच्या इस्त्रीसारख्या आणखी एकशे पंचाण्णव इस्त्र्या त्या घडीला कुठल्या ना कुठल्या घरात तापत होत्या, आणि त्या न तपासताच गेल्या आहेत हे कारखान्याबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईंनी कार्ड उचललं. तारखेवर बोट ठेवलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हलका होता.

"या दिवशी कारखान्यात वीज नव्हती. दिवा लागलाच नाही. मी तपासली नाही, भाऊ. कार्ड मात्र मीच ठेवलं."

शिंप्यानं कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

त्यानंतर कारखाना बंद झाला. मालकांवर आणि मॅनेजरवर खटला उभा राहिला. खोकी भरणाऱ्या बायकांचं काम गेलं. रस्त्यात ताई दिसल्या की त्या पलीकडून जात. लागलाताई अशी हाक पुन्हा कुणी मारली नाही. त्या इस्त्र्या परत मागवल्याची सूचना दुकानादुकानांत लागली. एकशे एकोणसाठ परत आल्या. त्यांतल्या चाळीसांवर दिवा लागला नाही. शिंप्याची धरून एकशे साठ. छत्तीस अजून आल्या नाहीत.

मी आता त्या खात्याच्या कपाटात, एका मोहरबंद पाकिटात आहे. कार्डाशी ताडून पाहायला निरीक्षक बाईंनी माझे पट्टे अकरा तारखेवर फिरवले, ते तसेच राहिले. शिक्केवाल्याचं बोलणं मला इथं कळलं. मी कागदावर सरळ उमटलो खरा, पण उलटं बोललो.

मित्रांनो, हात जोडता येत नाहीत मला, म्हणून शब्दांनीच विनवतो. घरात कुणी म्हणालं, हाताला मुंग्या येतात, तर कार्ड काढून दाखवू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, ती वस्तू पुन्हा लावू नका आणि मोठ्यांना सांगा. उद्या मोठेपणी तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. दारात ट्रक उभा असेल, कार्डं तयार असतील. तेव्हा फक्त इतकंच बघा, दिवा लागला का?

आणि तुमच्या घरच्या इस्त्रीच्या खोक्यात तपासणीचं कार्ड असेल, तर आज त्यावरची तारीख वाचा. मी अजून छत्तीस घरांत खोटं बोलतो आहे.