कोटाला दिलेलं आवतन

मित्रांनो, मी एक जुना कातडी कोट आहे. कमरेशी संपणारा, पितळी चेनचा, विमान चालवणाऱ्यांसाठी शिवलेला. शहाणी माणसं मला जॅकेट म्हणतात. माझं कातडं घोड्याचं. तो घोडा जिवंतपणी जमिनीवर धावला आणि मेल्यावर ढगांतून हिंडला. असं नशीब तुमच्या ओळखीच्या किती घोड्यांना लाभलं, सांगा बरं!

दुसऱ्या महायुद्धात एक गोरा वैमानिक मला घालून उडायचा. एका सकाळी तो मला खुंटीवर विसरून उडाला आणि परत आलाच नाही. पुढे मी ढिगात विकला गेलो. वऱ्हाडात कसा पोचलो ते विचारू नका. दर वेळी वेगळं सांगेन. पण परतवाड्याच्या बाजारात दोरीवर लटकलो होतो, एवढं अगदी खरं. तिथून उत्तमरावांनी मला उचललं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारा आडदांड माणूस. हिवाळ्यात मला चढवायचे आणि भाजीची गाडी हाकत बाजाराला निघायचे.

कातड्याची एक गंमत सांगतो. कापड धुतलं की त्यातला माणूस निघून जातो. कातड्यात तो लोणच्यासारखा मुरतो. उत्तमरावांच्या कोपरांच्या घड्या माझ्या बाह्यांत उतरल्या, टोपलीचा भार खांद्यांवर उमटला, काळपट रंग जुन्या गुळासारखा झाला. अंगातून काढून ठेवलं तरी मी त्यांच्यासारखाच पोक काढून बसायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची बायको गंगूबाई बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायची. बैलांना जेवायचं आवतन, म्हणजे आमंत्रण, द्यायची. उरलेलं लोणी हसत हसत माझ्या खांद्यांना फासायची. “हेबी जुवातलंच जनावर हाये,” म्हणायची. उत्तमराव नुसते मिशीत हसायचे.

मग एका थंडीत उत्तमराव गेले. मी खुंटीवर राहिलो. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सवयीनं गंगूबाईचा हात माझ्या खांद्यांवर फिरला आणि तोंडून शब्द निघाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला एकदम वजन आलं. मित्रांनो, मी रिकामा होतो, पण खुंटी वाकली. गंगूबाईनं ताट वाढलं. तेव्हापासून दर पोळ्याला हेच.

पण यंदा ती बाजारात गेलेली असताना मुलानं, गोपालनं, मला विकून टाकलं. घेणारा अमरावतीच्या राजापेठेतला रोहित, जुने वैमानिकी कोट जमवणारा. त्याच्या काचेच्या कपाटात माझ्यासारखे आणखी सहा. आखडलेले, भेगाळलेले. रोज त्यांच्या अंगातून थोडी लाल भुकटी गळायची. रोहितची बायको वर्षाली ती झाडून घ्यायची आणि म्हणायची, “या कपाटाला कशाची तरी भूक लागलीय.”

पोळ्याच्या आदल्या दुपारी दारात गंगूबाई उभी. हातात लोण्याची वाटी. गोपालकडून पत्ता काढून एकटीच एसटीनं आली होती.

“बापू, मी कोट न्याले नाई आली. आवतन द्याले आली. एक पोया चुकला तं त्याचा रस्ता मोडते. मंग थो कधीच येत नाई.”

“आजी, लोणी नका लावू. बुरशी येते. ऐंशी वर्षांचं कातडं आहे हे.”

“मीबी ऐंशीचीच आहो. मले कोठी बुरशी आली?”

पुस्तकी सांगायचं तर रोहितचं बरोबर होतं. पण वर्षालीनं म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कपाट उघडलं.

“बरं, तुमच्या एकट्यालाच लावा मग,” रोहित म्हणाला.

“काहून? गोठ्यात एकाले लावून बाकीच्याइले कोरडं ठेवते का कोनी? जनावर रुसते.”

आणि ती रांगेनं सगळ्यांचे खांदे मळत निघाली. एका कोटाच्या खांद्याला गोळीचं भोक होतं. तिचं बोट तिथं थांबलं. “दुखते काय रे बाबू?” त्या कोटाची बाही हलली. पंखा बंद होता. मग तिनं सगळ्यांना मिळून आवतन दिलं.

“उद्या ताटं किती वाढायची, आजी?” रोहितनं हसत विचारलं.

“आवतन जेवढ्याइले, तेवढी.”

वर्षाली हसली नाही. तिनं म्हातारीला मुक्कामाला ठेवून घेतलं आणि जास्तीची डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजापेठेत हॉर्न नेहमीसारखे कोकलत होते. गंगूबाई कपाटासमोर बसली होती. “गाव सोडून थो कधी कोठी जेवला नाई,” ती वर्षालीला हळूच म्हणाली. “येईन का वो?”

तेवढ्यात कपाटाची काच धुक्यानं भरली. रोहितनं फडक्यानं पुसली. पुसली जाईना. धुकं आतून होतं. मग त्या धुक्यात कुणीतरी आतूनच एक गोल पुसला, ढगात अडकलेला वैमानिक खाली जमीन शोधायला काच पुसतो, तसा. त्याच्या शेजारी दुसरा गोल. मग तिसरा.

वर्षालीनं पानं मांडली. पुरणपोळी, कढी, भजी, हिरवी मिरची. बाह्या एकेक करून कोपरात वाकल्या. ताटातली वाफ एका बाजूला ओढली जाऊ लागली. सहा ताटं गार झाली. माझ्यासमोरचं तसंच वाफाळत राहिलं. मीही हलकाच होतो. गंगूबाईचे ओठ पांढरे पडले.

आणि मग, मित्रांनो, माझे खांदे भरले. ताटातली हिरवी मिरची नाहीशी झाली. तिचं देठ तेवढं कडेला पडलं. “थोच!” गंगूबाई म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून रडली. “पहिले मिरचीच खाते मेला!”

रोहितचा आवाज फाटला. “आजी, तुमचा कोट घेऊन जा. आत्ताच्या आत्ता.”

गंगूबाईनं डोळे पुसले, रांगेकडे पाहिलं. “नाई बापू. तठी थो एकलाच जेवे. अठी पंगत हाये. राहू दे त्याले.”

मित्रांनो, कुणाचं जुनं कातडं तुमच्या घरी असेल, पट्टा असो, पाकीट असो, की चप्पल, तर त्याला उन्हात टाकू नका, कपाटात कोंडून विसरू नका. अधूनमधून मायेनं हात फिरवा. फक्त हात फिरवताना तोंड सांभाळा. ‘जेवाले या’ म्हणण्याआधी डब्यात कणीक किती उरलीय, ते एकदा पाहून घ्या.