उचला आणि वर सोडा

मी यादी बोलतेय. डोळ्यांच्या दवाखान्यात, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. कोणाचं ऑपरेशन आधी, कोणाचं नंतर, हे माझ्याकडे बघून ठरतं.

मला घडवलं एका प्रोग्रामरने. तीन आठवडे डोकं खाजवलं बिचाऱ्याने. माउसने नाव धरलं की अलगद उचललं जावं, बाकीच्यांनी सरकून जागा द्यावी, सोडायच्या ठिकाणी निळी रेघ उमटावी. नटवलं हो मला! त्या नट्टापट्ट्यात एकच काम राहिलं: बदललेला क्रम साठवून ठेवायचं.

इथल्या कारकुनाला मी भलतीच आवडले. सासरे आले, उचल, सोड वर. व्यायामशाळेतला मित्र आला, सोड वर. वशिल्याला दोन बोटं पुरू लागली. पण सकाळी उघडावं तर मी आपली नावनोंदणीच्या तारखेप्रमाणे, जैसे थे! सासरे पुन्हा एकोणिसावे.

त्यामुळेच शिंपीणमावशींचा उजवा डोळा वेळेवर झाला. आदल्या संध्याकाळी कारकुनाने त्यांना पार तळाशी नेलं होतं. सकाळी नर्सने मला उघडलं आणि पहिलं नाव पुकारलं ते मावशींचंच. काय आनंद झाला म्हणून सांगू!

सासरेबुवा मात्र कडाडले, "जावईबापू, एवढंही जमत नाही?" लगेच तक्रार गेली, यादी बिघडलीय. प्रोग्रामरने येऊन कपाळावर हात मारला. "अरेच्चा, सेव्हच होत नव्हतं की!" चार ओळी लिहिल्या, चहा प्यायला, गेला. मी सुधारले म्हणे.

आता मावशींचा डावा डोळा राहिलाय. एका डोळ्याने सुई दिसते, पण दोरा भलतीकडेच जातो. शिलाई मशीन बंद आहे. त्या तिसऱ्या होत्या. मग सातव्या झाल्या, मग चौदाव्या.

"भाऊ, माझा नंबर कधी?"

"माझ्या हातात काय आहे, मावशी? कॉम्प्युटर ठरवतो," एक नाव उचलता उचलता कारकून सांगतो. करून सवरून नामानिराळा!

मंडळी, तुमचा नंबर मागे गेला तर माझ्यावर डाफरू नका. माउस कोणाच्या हातात आहे ते बघा.

काल मावशी काउंटरवर वाकल्या, बऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि कुरकुरणाऱ्या एका बाईला म्हणाल्या, "धीर धर गं. माणूस असता तर वशिला चालला असता. यंत्राला आपण सगळे सारखेच."

त्यांचं बोलणं संपायच्या आत कारकुनाने आणखी एक नाव वर सोडलं आणि त्या एकविसाव्याच्या बाविसाव्या झाल्या. आणि त्यांना खाली सरकवलं ते मीच.